ऑर्फिअसचे समाधिलेख

ऑर्फिअस म्हटला कीं इंग्रजी काव्याच्या वाचकाला युरिडिसीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. वीणेच्या बळावर यमलोकांतून पत्नीस परत आणूं पाहणारा आणि मागें वळून पाहिल्यामुळें तिला कायमचा अंतरलेला गवई, हें चित्र व्हर्जिल व ओव्हिड या रोमन कवींनीं आपल्या मनावर कोरून ठेविलें आहे. ग्रीक मुक्तकसंग्रहाच्या सातव्या भागांत ऑर्फिअसच्या मृत्यूवर लागोपाठ तीन मुक्तकें आहेत. त्यांत मात्र युरिडिसीचें नांवहि नाहीं. तिन्हींत आहे ती आई, काव्यदेवता कॅलिओपी.

इ. स. पू. ३ऱ्या शतकांतील डामागेटसचें मुक्तक शिलालेखाच्या थाटाचें आहे. ऑलिंपसच्या पायथ्याशीं ऑर्फिअसची समाधि आहे. वृक्ष त्याचें ऐकत, निर्जीव खडक त्याच्यामागें चालत. बॅकसचे गूढ विधि त्यानें प्रवर्तविले, वीरकाव्याचें वृत्त बांधिलें, यमाचें कठोर मनहि वश केलें. भाषा घोटीव आहे; पण आम्हांस हें मानपत्र वाटतें, आणि मानपत्र वाचून कोणी रडत नाहीं. उलट एका अज्ञात कवीच्या मुक्तकांत रडणें फार आहे: थ्रेसच्या स्त्रिया केसांत राख घालतात, गोंदलेले बाहु रक्तबंबाळ करितात, खडकहि विलाप करितात. इतक्यांच्या आक्रोशांत आईचा आवाज ऐकूं येत नाहीं.

सिडॉनच्या अँटिपेटरचें (इ. स. पू. २रें शतक) आठ ओळींचें मुक्तक आम्हीं सर्वांत श्रेष्ठ मानतों. ‘यापुढें नाहीं’ असें तीनदां म्हणत तो वृक्ष, खडक, वारा, गारा व समुद्र यांची लांब मालिका उभी करितो, आणि मग मूळ ग्रीकांत अवघ्या दोन शब्दांत सांगतो कीं तूं मेलास. स्मृतिदेवतेच्या कन्या रडल्या. आई सर्वांहून अधिक रडली. देवांनाहि स्वतःच्या मुलांचा मृत्यु टाळतां येत नाहीं, तर आपण आपल्या पुत्रांसाठीं कां रडावें, असा त्याचा शेवटचा प्रश्न आहे.

शेवटीं असें टाळीचें वाक्य टाकणें ही मुक्तककारांची ठराविक युक्तिच होय, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तो मान्य नाहीं. कां रडावें, असें विचारण्यापूर्वींच कवीनें अमर आईला रडतांना दाखविलें आहे. तिच्या दुःखाला तर मरणाचाहि शेवट नाहीं. सांत्वन आपल्याच दाखल्यानें फसतें, आणि त्या फसण्यांतच मुक्तकाचें सत्य आहे. म्हणूनच ‘तूं’ म्हणून आरंभ करणारा कवि अखेरीस ‘आपण’ म्हणतो. ज्या घरीं पुत्रशोक झाला असेल, तेथें हा युक्तिवाद कोणी ऐकवूं नये. मुक्तक मात्र अवश्य वाचावें.