'असे दिसून येते' – पण कोणाला?

आता शोधनिबंधातली आपली ठरलेली वाक्यं बघा. 'प्रस्तुत शोधनिबंधात आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.' अहो, आढावा घेतलात की नुसता प्रयत्नच केलात? पुढे येतं, 'असे दिसून येते'. कोणाला दिसलं, कशात दिसलं? वाक्यातून कर्ता काढला की दाव्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी 'नेचर'मध्ये डीएनएच्या रचनेवर जेमतेम पानभराचा निबंध लिहिला. त्याची सुरुवातच अशी, की आम्ही एक रचना सुचवू इच्छितो. म्हणणारे कोण ते कळतं, आणि दावा केवढा तेही. तयार वाक्यांना माझा विरोध नाही; नवख्या विद्यार्थ्याला ती लागतातच. पण '४० पैकी ३१ जणांनी' असं लिहिता येत असताना त्यानं 'बहुतांश' लिहिलं, तर मार्गदर्शकांनी तिथेच अडवायला हवं. अडवत नाहीत, कारण पुष्कळांच्या स्वतःच्या प्रबंधातही तेच असतं.