सरळ चालते, पण वळते का? सिनेमातल्या बाईकच्या प्रतिकृती आणि ‘रेप्लिकेशन’

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी बऱ्याच जणांच्या वाट्याला एक काम येतं. कुणाच्या तरी पेपरमधला एखादा निकाल आपल्या प्रयोगशाळेत पुन्हा मिळवून दाखवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण ‘मिळाला’ असं कधी म्हणायचं? आलेख दिसायला तसाच आला की? आकडे जुळले की? की ज्या कारणामुळे तो निकाल येतो असं पेपरात म्हटलंय, तेच कारण आपल्याकडेही काम करतंय हे दिसलं की?

या प्रश्नासाठी आज मी जरा वेगळं उदाहरण घेतेय. साय-फाय सिनेमांमधल्या मोटारसायकलींच्या, प्रत्यक्षात चालवता येतील अशा प्रतिकृती बनवणारे लोक जगभर आहेत. त्यांच्या कामाचं कौतुक खूप होतं, समीक्षा मात्र फारशी होत नाही. ‘हुबेहूब आहे!’ आणि ‘खरंच चालते!’ या दोन वाक्यांवर विषय संपतो. मला वाटतं, ही दोन वाक्यं बहुतेक वेळा एकमेकींच्या विरोधात असतात, आणि खरी गंमत त्या विरोधातच आहे.

आकार कुठून आला?

‘ट्रॉन’ (१९८२) मधली लाइट सायकल घ्या. तिचं डिझाइन सिड मीड यांचं. त्यांच्या सुरुवातीच्या कल्पनेत स्वार उघडा दिसत होता. पण त्या काळच्या कॉम्प्युटर ग्राफिक्सला बाईकवर वाकलेला माणूस झेपणारा नव्हता, म्हणून पडद्यावर आली ती वरून पूर्ण झाकलेली बाईक. ती दृश्यं करणाऱ्या मॅगी कंपनीची पद्धत गोल, दंडगोल असे साधे घनाकार एकमेकांना जोडून किंवा एकातून दुसरा वजा करून वस्तू उभी करण्याची होती. म्हणजे त्या देखण्या, गुळगुळीत आकारामागे वायुगतिकी नाही, स्वाराची सोय नाही. १९८२ च्या कॉम्प्युटरची मर्यादा आहे. पुढे ‘ट्रॉन: लेगसी’ (२०१०) साठी डॅनियल सायमन यांनी नवी लाइट सायकल काढली तेव्हा स्वार पुन्हा उघड्यावर आला. मोठी, मधोमध पोकळ दिसणारी चाकं आणि त्यांच्यावर पोटावर झोपल्यासारखा पसरलेला स्वार.

या दुसऱ्या बाईकची प्रतिकृती अमेरिकेत फ्लोरिडातल्या पार्कर ब्रदर्स यांनी बनवली. पोलादी सांगाडा, वर फायबरग्लास, हबविरहित चाकं आणि आत सुझुकीचं ९९६ सीसीचं इंजिन. हॅमाकर श्लेमर या दुकानाच्या कॅटलॉगमध्ये ती ५५,००० डॉलरला विकायला होती. दिसायला अप्रतिम आहे, यात वाद नाही.

आता सिनेमातली बाईक नेमका काय दावा करते ते बघा. १९८२ ची लाइट सायकल पूर्ण वेगात असताना काटकोनात वळते. खऱ्या रस्त्यावर काय होईल? वळणाची त्रिज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले आडवं त्वरण. चांगल्या टायरला कोरड्या डांबरावर साधारण एक ‘जी’ इतकं आडवं त्वरण पेलतं असं धरू. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. उत्तर येतं सुमारे ७९ मीटर, आणि त्यासाठी बाईक ४५ अंश झुकवावी लागते. म्हणजे ९० अंशांचं ते ‘काटकोनी’ वळण प्रत्यक्षात सुमारे १२४ मीटर लांबीची कमान होईल. घर्षण तेच असेल तर कुठल्याही कारागिराला हा आकडा बदलता येणार नाही.

कमी वेगात अडचण वेगळी. तिथे त्रिज्या साधारण दोन चाकांमधल्या अंतरावर आणि हँडल किती वळतं त्यावर ठरते. नेहमीच्या बाईकचं ते अंतर १.४ मीटर आणि हँडल ३० अंश वळतं असं समजा, तर त्रिज्या येते २.४ मीटर. आता बाईक लांब करा, २.४ मीटर, चाक जाड, बॉडीत अर्धं बुडालेलं, म्हणून हँडल वळणार जेमतेम १० अंश. त्रिज्या १३.६ मीटर. यू-टर्न घ्यायला सुमारे २७ मीटर रुंद रस्ता लागेल. आपल्याकडच्या गल्लीबोळात विसराच! (यातली मापं मी समजुतीसाठी धरलेली आहेत, कुठल्या एका बाईकची नाहीत. पण लांबट आणि बंदिस्त आकाराची किंमत कुठे मोजावी लागते ते यातून कळतं.)

म्हणूनच अशा बाईकचे व्हिडिओ बघताना एक सवय लावून घ्या: वळण कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा बाईक सरळ येते, सरळ जाते, मध्ये कट. बातमीत इंजिन, किंमत, दिव्यांचा रंग, सगळं असतं. वळणत्रिज्या, ब्रेक लागायला लागणारं अंतर, चाकाच्या बेअरिंगचं तापमान यांचा पत्ता नसतो. आकार जुळला म्हणून प्रतिकृती यशस्वी ठरवायची, हे म्हणजे आलेखाची रेघ जुळली म्हणून अक्षांवरचे आकडे न बघण्यासारखं झालं.

जिथे बाईक सिनेमा सोडते

मग या कामाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि भरपूर आहे. फक्त ती साम्यात शोधायची नाही. जिथे बनवणाऱ्याला सिनेमा सोडावा लागला, तिथे शोधायची.

हबविरहित चाकाचंच बघा. साध्या चाकात मधोमध छोटी बेअरिंग असते. हब काढलं की चाकाच्या परिघाएवढी मोठी बेअरिंग लागते. व्यास वाढला की तेवढ्याच फेऱ्यांमध्ये बेअरिंगच्या पृष्ठांचा वेग वाढतो. सील मोठं, घर्षण जास्त, धूळ शिरायला वाव जास्त. स्विस डिझायनर फ्रँको स्बारो यांनी अशी चाकं १९८९ मध्येच दाखवली होती, तरी रोजच्या बाईकमध्ये ती आली नाहीत. कारण हब काढून दिसण्यापलीकडे फारसं काही हाती लागत नव्हतं. पुढे फिनलंडच्या व्हर्ज कंपनीने इलेक्ट्रिक बाईकच्या मागच्या चाकाच्या कड्यातच मोटर बसवली, तेव्हा चित्र बदललं. आता मधली पोकळी नुसती शोभेची राहिली नाही. साखळी नको, पट्टा नको, मोटरला वेगळी जागा नको. कल्पना तीच, पण तिचा उपयोग सापडला तो इंजिनाची जागा बदलल्यावर. असा फरक नोंदवला की तो निष्कर्ष होतो. लपवला तर नुसती तडजोड उरते.

दुसरं उदाहरण ‘अकिरा’चं (१९८८). कात्सुहिरो ओतोमो यांच्या या सिनेमातली कानेदाची लाल बाईक म्हणजे या छंदाचं दैवत. जपानमध्ये मासाशी तेशिमा यांनी तिची चालती प्रतिकृती बनवली. सुमारे सात वर्षं आणि एक कोटी येन खर्च झाले. २०१२ मध्ये ती बाईक ऑटिझम असलेल्या मुलांसाठी निधी आणि जागृती व्हावी म्हणून लोकांसमोर आणली गेली. या माणसाच्या चिकाटीपुढे आपण हात जोडावेत.

पण समीक्षा म्हणून विचारायचं तर, प्रतिकृती नेमकी कशाची? सिनेमा हातानं काढलेला आहे. त्यात मापं नाहीत, चित्रं आहेत. पात्राच्या तोंडी तांत्रिक वर्णन येतं: सिरॅमिकचे दोन रोटर, दोन्ही चाकांना शक्ती, १२,००० फेऱ्यांना २०० अश्वशक्ती. आता ‘रोटर’ म्हणजे काय? रोटरी इंजिनाचा की इलेक्ट्रिक मोटरचा? दोन्ही अर्थ लागतात. बार्सिलोनाच्या बेल अँड बेल यांनी आपली ‘अकिरा’ बाईक इलेक्ट्रिक केली. हा एक अर्थ लावणं झालं, आणि त्यात गैर काहीच नाही. जुन्या पेपरमधला ‘मेथड्स’ विभाग वाचताना तुम्हीही हेच करणार आहात. ‘द्रावण थोडं गरम केलं’ असं लिहिलेलं असतं आणि थोडं म्हणजे किती हे तुम्हाला ठरवावं लागतं. प्रश्न एवढाच, की आपण ठरवलं हे आपण लिहितो का?

कोणाला चालवता येते?

‘चालवता येते’ या शब्दाचीही जरा चौकशी करू. ‘द डार्क नाइट’ (२००८) मधला बॅटपॉड प्रतिकृती नव्हे. क्रिस कोरबोल्ड यांच्या चमूने तो चित्रीकरणासाठीच बनवला. पोटावर झोपून, हातांऐवजी खांद्यांच्या जोरावर वळवायचा, आणि टायर प्रचंड रुंद. तो चालवला स्टंटमन ज्याँ-पियेर गोय यांनी, तेही महिनोन् महिने सराव करून.

रुंद टायरने इतकं काय बिघडतं? बाईक झुकली की टायर जमिनीला टेकतो ती जागा आतल्या बाजूला सरकते. ताशी ४० किमी वेगात २२ मीटर त्रिज्येच्या वळणावर अगदी अरुंद चाकाची बाईक सुमारे ३० अंश झुकेल. टायरच्या आडव्या छेदाची त्रिज्या ९ सेंमी आणि गुरुत्वमध्याची उंची ६५ सेंमी धरली तर साधारण ३५ अंश झुकावं लागेल. छेदाची त्रिज्या २५ सेंमी आणि उंची ६० सेंमी केली, तर तेच वळण घ्यायला लागतील सुमारे ५१ अंश. वेग तोच, रस्ता तोच, स्वाराची छाती मात्र जमिनीकडे.

म्हणजे ‘चालवता येते’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणाला, किती वेगात, कुठल्या रस्त्यावर, किती सरावानंतर, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. भारतात तर आणखी एक प्रश्न येतो: कायद्यानं? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल केलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे इथे असा प्रयोग करायचा तर बंदिस्त मैदानात.

कुणी म्हणेल, अगं, ही माणसं हौसेनं करतात, त्यांना कशाला पेपरचे नियम लावतेस? मान्य. ते शास्त्रज्ञ असल्याचा दावा करत नाहीत. माझा आक्षेप आपल्या कौतुकावर आहे. शिवाय त्या यंत्रावर खरा माणूस बसणार असतो. फरक लिहिलेच नाहीत तर पुढचा हौशी कारागीर तीच सात वर्षं पुन्हा घालवेल, नाहीतर पहिल्याच वळणावर पडेल.

कुरूप सायकलींची गोष्ट

याच्या नेमकं उलट काम रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी केलं. १९७० मध्ये ‘फिजिक्स टुडे’त त्यांनी लिहिलं, की चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायचा त्यांनी प्रयत्न केला. चाकांच्या फिरण्यामुळे सायकल तोल राखते, असा समज होता. त्यांनी पुढे एक जास्तीचं, उलट फिरणारं चाक लावून तो परिणाम खोडून काढला. तरी सायकल आरामात चालवता आली! स्वाराशिवाय सोडली की मात्र पडायची. त्यांनी कळीचं कारण मानलं ते पुढच्या चाकाच्या भूमितीला, म्हणजे ‘ट्रेल’ला. २०११ मध्ये डेल्फ्ट, कॉर्नेल आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये अशी सायकल मांडली, की जिच्यात चाकांच्या फिरण्याचा परिणामही खोडला होता आणि ट्रेलही किंचित उलट दिशेचा होता. तरी ती स्वाराशिवाय स्वतःचा तोल सावरत होती. म्हणजे दोन्हींपैकी एकही कारण अनिवार्य नाही.

या सायकली दिसायला भंगारच्या दुकानातल्या वाटतील. पण प्रत्येकीमागे एक स्पष्ट प्रश्न होता आणि ‘नाही’ असं उत्तर यायची सोय होती. प्रतिकृतींमध्ये मला कमतरता वाटते ती हीच. कारागिरी त्यांच्यात दहापट आहे, पण चुकण्याची जागा ठेवलेली नसते.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, तुमच्या गाइडने एखादा पेपर पुन्हा करून बघायला दिला, की वहीत आधी तीन रकाने आखा. पहिल्यात मूळ लेखकाने काय सांगितलं. दुसऱ्यात आपण काय केलं. तिसऱ्यात फरक का पडला: उपकरण नव्हतं, वाक्य संदिग्ध होतं, की निसर्गानंच नाही म्हटलं. वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोग याच तिसऱ्या रकान्याचा होतो. आणि काय झालं तर ‘जमलं नाही’ म्हणायचं, हे प्रयोग सुरू करण्याआधीच तारीख टाकून लिहून ठेवा.

सराव म्हणून या आठवड्यात तुमच्या आवडत्या साय-फाय सिनेमातलं कुठलंही एक वाहन घ्या आणि ते करत असलेला फक्त एक दावा आकड्यांत लिहा: वेग, वळण किंवा ब्रेक. मग तो कुठल्या प्रयोगाने खोटा ठरेल ते खाली लिहा. कमेंटमध्ये टाकलंत तर मी नक्की वाचेन.