बाखचा गंधार

जर्मन संगीतकार बाखने 1722 साली ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’ रचले, ते बाराही स्वर समान अंतरांवर लावण्याच्या पुरस्कारासाठी, असे अनेक टीकाकार सांगत आले. मला ते पटत नाही. नीट लावलेले म्हणजे सारखे लावलेले नव्हे!

जुन्या रीतीने जुळवलेल्या पियानोवर मी हा संग्रह ऐकला. पांढरी एकमध्ये शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधाराजवळ विसावला. काळी तीनमध्ये तोच चढून टोचू लागला. समान पद्धतीत तो सर्वत्र अर्धस्वराच्या सातव्या हिश्शाने चढाच. कुठल्याही पट्टीत वाजवण्याची सोय झाली खरी. पण 24 पट्ट्यांचे 24 स्वभाव गेले. साऱ्या मुलांना एकच शेरा देणाऱ्या मास्तरासारखे हे झाले. मी स्वतः मास्तर. म्हणून ही सोय मला अधिक सलते.