गाणे लोकांचे, गायक निमित्त

अमेरिकन लोकगीतकार पीट सीगर (१९१९–२०१४) ह्यांची ध्वनिमुद्रिते ऐकताना आवाज आम्हांस साधाच वाटतो. काही गीतांत उपदेश काव्यावर मातही करतो. परंतु श्रोते त्यांच्याबरोबर गाऊ लागले, की तेच गीत भरून येते. लोकांना गाते करणे, हीच त्यांची खरी कला.

त्यांची मूल्ये उपक्रमांत दिसतात. प्रदूषित हडसन नदीसाठी मैफलींतून निधी उभारून सहकाऱ्यांसह १९६९ साली त्यांनी 'क्लिअरवॉटर' हे शिडाचे जहाज पाण्यात सोडले. आपल्याकडे 'होंगे कामयाब' म्हणून परिचित असलेल्या 'वी शॅल ओव्हरकम'चे स्वामित्वधन नागरी हक्कांच्या कार्यासाठी दिले.

मिस्सेत गायकवृंद गातो आणि भाविक मूक राहतात, तिथे सीगर ह्यांचा धडा आपणांसही लागू पडतो.