पातळ पुस्तकांची बाजू

जिल्हा परिषदेच्या एका शाळेत ग्रंथालयासाठी यादी करायला बसलो होतो. मुख्याध्यापकांनी एक चित्रपुस्तक उचललं, पानं मोजली, मागची किंमत बघितली आणि म्हणाले, "सर, एवढ्यात बोधकथांचं जाडजूड पुस्तक येतं की. ह्यात वाचायला आहे काय?"

त्यांना दोष देववत नाही. 'समग्र शिक्षा' योजनेतून ग्रंथालयासाठी वर्षाला ५ ते २० हजार रुपयांची तरतूद असते आणि त्यातले ५ हजार प्राथमिक शाळेच्या वाट्याचे. त्यात पुस्तकं किती बसतात, हाच हिशेब होतो. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच शाळेत गोष्टीची पुस्तकं हवीत असं लिहून ठेवलं. कोणती, हे ठरवतं प्रकाशकाचं सूचीपत्र आणि त्याहून जास्त, सवलतीचे टक्के.

मराठीत मुलांसाठी लिहिलं गेलं नाही, अशी स्थिती मुळीच नाही. वा. गो. आपट्यांचा 'आनंद' १९०६चा, बालभारतीचं 'किशोर' १९७१चं, शिवाय भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. पण हे सगळं ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी. पहिली-दुसरीतलं, अक्षराला अक्षर जोडत जाणारं मूल या वैभवाच्या उंबऱ्याबाहेरच उभं असतं. आणि शिफारशींच्या याद्या त्याला काय देतात? 'श्यामची आई'. १९३५ सालचं हे पुस्तक बाईंनी वर्गात रोज थोडं वाचून दाखवावं, मुलांनी ऐकावं. तिसरीतल्या पोराच्या हातात ते एकट्यानं वाचायला देणं हा त्याच्यावर आणि साने गुरुजींवर, दोघांवरही अन्याय आहे. विंदा करंदीकरांच्या बालकविता मात्र या वयाला चपखल बसतात, कारण त्या आधी कानांनी वाचायच्या असतात. एका शिक्षकांनी विंदांचं 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' बाजूला काढून ठेवलं होतं. का, तर अंधश्रद्धा!

उंबऱ्याबाहेरच्या या मुलाला आत घेतलं ते प्रामुख्यानं माधुरी पुरंदरे यांनी. 'राधाचं घर', 'यश' यांसारख्या त्यांच्या पुस्तकांत मजकूर इतका थोडा की मुख्याध्यापकांचा प्रश्न इथेही लागू व्हावा. पण लिहिणारा आणि चित्र काढणारा हात एकच असल्यानं शब्द जिथं थांबतात तिथं चित्र बोलायला लागतं. आई, आजी, आजोबा ही रोजची माणसं. घर आवरलेलं नाही, वापरातलं. कोणी कोणाला उपदेश करत नाही. वाक्यं बोलण्यातली आहेत, म्हणून अडखळत वाचणाऱ्या मुलालाही पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज बांधता येतो, आणि वाचायला शिकणं म्हणजे बरंचसं हेच असतं. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. तरी शाळांच्या कपाटांत थोर पुरुषांच्या बारक्या चरित्रांचाच भरणा.

माझी तक्रार परीक्षणांबद्दलही आहे. उन्हाळ्याची सुट्टी आणि १४ नोव्हेंबर एवढ्यापुरती ती छापून येतात आणि पुस्तकातून कोणता संस्कार होतो ते सांगून संपतात. टाइप केवढा आहे, ओळ कुठं तोडली आहे, एका पानावर जोडाक्षरं किती, पिनेची बांधणी दिवाळीपर्यंत तरी टिकेल का, याबद्दल चकार शब्द नाही. शिक्षकाला नेमकं हेच हवं असतं. टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' उपक्रमानं निवडक बालपुस्तकांची वार्षिक यादी सुरू केली, ती इंग्रजी आणि हिंदी पुस्तकांची. मराठी शिक्षकाच्या हाती पुन्हा सूचीपत्रच.

फुकट मिळणाऱ्या पुस्तकांनी अडचण थोडी सोडवली. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून मराठीसह कितीतरी भाषांतल्या गोष्टी आहेत, त्याही पातळ्या लावून. पण पातळी ठरते मुख्यतः शब्दांची संख्या आणि वाक्यांची लांबी यांवर. तीन शब्दांचं वाक्यही अवघड असू शकतं. काही अनुवाद तर असे, की मोठ्यानं वाचताना बाईंचीच जीभ अडखळते. अनुवाद म्हणून कमी प्रतीचा असं मात्र नाही. 'तोत्तोचान' मराठीत आलं ते अनुवादातूनच, आणि शिक्षकांनी ते आपलं मानलं.

पुरंदऱ्यांच्या पुस्तकांवर एक आक्षेप ऐकू येतो: घरं शहरी, मराठी पुणेरी. तो अगदीच खोटा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला अंगणवाडी वारल्यांच्या पाड्यावर नेली. पुस्तकाला अजून ती वाट नीट सापडलेली नाही. पाड्यावरचं घर, वीटभट्टीवरचं घर, ऊसतोडीच्या कोपीतलं घर राधाच्या घराइतक्याच मायेनं रंगवणारी पुस्तकं बोटांवर मोजावीत इतकीच. म्हणून राधाला बाहेर ठेवायचं का? दुसरीतल्या एका पोरानं पुरंदऱ्यांच्याच पुस्तकातल्या बाजाराच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं होतं, "सर, ह्या म्हातारीची दुसरी चप्पल कुठंय?" ते चित्र मी कितीदा पाहिलं होतं. एकच चप्पल माझ्या लक्षातही आली नव्हती. त्या पोराचं गाव चित्रातलं नव्हतं आणि त्याचं त्यावाचून काही अडलंही नाही. अख्खा वर्ग मग ती चप्पल शोधत बसला.

त्या मुख्याध्यापकांनी माझ्या भिडेखातर ते पातळ पुस्तक घेतलं. पुढच्या खेपेला गेलो तर पिना निघालेल्या, पानं गोणपाट शिवायच्या सुतळीनं टाचलेली. सर म्हणाले, "असली अजून दहा-बारा सुचवा." आणि जरा थांबून, "पण टक्के किती सुटतील?"