सार्वजनिक धोरणाचे विद्यापीठीय अध्ययन व संशोधन : कडेगाव तालुक्याच्या संदर्भात एक चिकित्सा

सार्वजनिक धोरण हा विषय महाराष्ट्रातील विद्यापीठांत प्रामुख्याने राज्यशास्त्र व लोकप्रशासन यांच्या अभ्यासक्रमांतून शिकविला जातो. धोरणनिर्मिती, अंमलबजावणी व मूल्यमापन हे टप्पे विद्यार्थ्यास पाठ असतात; परंतु एखाद्या धोरणाने कोणत्या गावास काय दिले, हे तपासण्याची रीत त्याच्या हाती क्वचितच येते. परंपरा नव्हती म्हणून असे झाले, असे मात्र म्हणता येत नाही.

पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० मध्ये झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची केलेली पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. कालव्याचे मोल केवळ सरकारी तिजोरीत जमा होणाऱ्या महसुलावर ठरवू नये, हे या पाहणीने क्षेत्रीय आकडेवारीच्या आधारे मांडले. तथापि तिचे मापक 'लाभ' हे होते. पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्या चौकटीत मध्यवर्ती ठरला नाही. पुढे वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष जिल्हानिहाय मोजला. कृष्णाकाठचा ऊसपट्टा आणि जत, आटपाडीचा दुष्काळी पट्टा एकाच सांगली जिल्ह्यात असल्याने, जिल्ह्याची सरासरी येथे फारच थोडे सांगते.

या दोन पट्ट्यांच्या सीमेवर कडेगाव तालुका वसलेला आहे. कराड तालुक्यातील टेंभू येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे नेणारी उपसा सिंचन योजना हे धोरणाचे जिवंत प्रकरण होय. उपशाच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने व १९ टक्के भार लाभधारकांनी उचलावा, हे सूत्र कोणत्या हिशेबाने ठरले? भूमिहीन कुटुंब या सूत्रात कोठे बसते? समन्यायी पाणीवाटपाचा प्रश्न नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखालील पाणी संघर्ष चळवळीने १९९० च्या दशकात उभा केला. त्याआधी खानापूर तालुक्यात येरळेवरील बळीराजा धरणाच्या निमित्ताने भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा असावा, हे तत्त्व मांडले गेले होते. म्हणजे या परिसरातील सर्वांत मूलगामी धोरणचिंतन विद्यापीठाबाहेर घडले.

विद्यापीठीय प्रबंधांत त्याऐवजी बहुधा शंभर लाभार्थी, एक प्रश्नावली व टक्केवारीची कोष्टके आढळतात. 'आपण योजनेबाबत समाधानी आहात काय?' या प्रश्नास पाणी नुकतेच मिळालेला शेतकरी 'होय' म्हणणार, हे सांगण्यास संशोधनाची गरज नाही. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी शोधनिबंधांस गुण जोडले आणि संख्येचे आकर्षण वाढले. एम.फिल. हा मर्यादित क्षेत्रकार्यास सोयीचा टप्पा होता. २०२२ च्या विनियमांनी तोही बंद झाला.

दोष केवळ संशोधकाचा नाही. आवर्तनाच्या तारखा, पाणीपट्टीची आकारणी, थकबाकी या नोंदी पाटबंधारे कार्यालयांत असतात. त्या वाचण्याचे प्रशिक्षण कोणत्याही प्रश्नपत्रिकेत गुण मिळवून देत नाही. मात्र तालुक्याच्या महाविद्यालयास एक सोय आहे, जी मोठ्या शहरातील धोरणसंस्थेस नाही. लाभक्षेत्रातील आणि त्याबाहेरील अशा दोन्ही घरांतील विद्यार्थी एकाच वर्गात शेजारी बसतात. पाणीपट्टीची एक पावती आणि टँकरच्या एका खेपेचा हिशेब ते उद्याच वर्गात आणू शकतात.