डीटीओ: कारण गेलं, सवय उरली

ऑफिसच्या कामासाठी जावामध्ये लिहिलेलं एखादं वेब अ‍ॅप्लिकेशन उघडून बघा. कर्मचाऱ्याचं नाव डेटाबेसमधून तुमच्या ब्राउझरपर्यंत यायचं, तर ते आधी एंटिटीत बसतं, मग डीटीओमध्ये (म्हणजे डेटा ट्रान्सफर ऑब्जेक्टमध्ये) उतरतं, मग रिस्पॉन्सच्या क्लासमध्ये. तिन्हीकडे फील्ड तेच. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘थर वेगळे ठेवायचे असतात.’

पण मुळात हे थरांसाठी नव्हतंच. मार्टिन फाउलर यांच्या २००२ सालच्या ‘पॅटर्न्स ऑफ एंटरप्राइझ अ‍ॅप्लिकेशन आर्किटेक्चर’ या पुस्तकात डीटीओचं कारण स्वच्छ दिलंय: दुसऱ्या मशीनवरच्या ऑब्जेक्टला हाक मारणं महाग असतं, म्हणून दहा फेऱ्यांऐवजी सगळा माल एका खेपेत आणा. सुरुवातीच्या ईजेबीमध्ये एंटिटी बीनशी फक्त रिमोट पद्धतीनेच बोलता यायचं. नाव मागा, एक फेरी, पत्ता मागा, दुसरी फेरी. तिथे ही गरजच होती. २००१ मध्ये ईजेबी २.० ने लोकल इंटरफेस दिले. आज कंट्रोलर आणि सर्व्हिस बहुतेक वेळा एकाच प्रोसेसमध्ये असतात. फेरी संपली, खेप मात्र चालूच आहे!

फाउलर यांनाही हे दिसत होतं. २००४ मध्ये त्यांनी आपल्या साइटवर ‘लोकल डीटीओ’ नावाची छोटी नोंद लिहिली: एकाच प्रोसेसमध्ये डीटीओ नुसते अनावश्यक नाहीत, त्रासदायक आहेत. पुस्तक सगळ्यांच्या कपाटात आहे, नोंद फार थोड्यांनी वाचलीय.

त्रास म्हणजे काय, ते मी भोगलंय. आमच्या गटात नमुन्यांची नोंद ठेवणारं एक अ‍ॅप्लिकेशन आहे. त्यात ‘साठवण तापमान’ हा नवा रकाना घालायचा होता. एंटिटीत घातला, फॉर्मवर घातला, मधल्या मॅपरमधली एक ओळ राहिली. ती मीच विसरले. एरर नाही, इशारा नाही. दोन आठवडे लोक इमानेइतबारे तापमान भरत होते आणि डेटाबेसमध्ये नल पडत होतं. कुठला नमुना उणे ८० ला आणि कुठला उणे २० ला, हे शेवटी वहीतून शोधावं लागलं. काही नमुन्यांची नोंद वहीतही नव्हती. ते टाकून दिले.

मग डीटीओ हद्दपार करायचे का? इथे मात्र मी फाउलर यांच्या थोडं पुढे जाईन. त्यांचा भर फेरीच्या खर्चावर आहे. मला दाराची काळजी जास्त वाटते. मार्च २०१२ मध्ये गिटहबवर एकाने सार्वजनिक किल्ली जोडण्याच्या विनंतीत, फॉर्मवर नसलेलं युजर आयडीचं फील्ड घालून पाठवलं. सर्व्हरने आलेलं सगळं मॉडेलमध्ये ओतलं आणि त्याची किल्ली रेल्स प्रकल्पात लिहिण्याचा हक्क असलेल्या खात्याला जोडली गेली. बाहेरून आलेली माहिती थेट एंटिटीत ओतली की हेच होतं. उलट दिशेनेही तसंच: एंटिटी जशीच्या तशी जेसनमध्ये पाठवली की पासवर्डचा हॅशसुद्धा बाहेर जाऊ शकतो, नाहीतर दोन एंटिटी एकमेकींकडे बोट दाखवत बसतात आणि सिरियलायझर गोल गोल फिरतो.

गंमत म्हणजे रेल्स ४ ने यासाठी वेगळा डीटीओ क्लास लिहायला लावलाच नाही. कंट्रोलरमध्ये परवानगी असलेल्या फील्डची यादी लिहायची, बस्स. म्हणजे काम करते ती यादी.

आता आमच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये सर्व्हिस एंटिटीच परत करते. दारावर दोन छोटे रेकॉर्ड आहेत, एक आत येणाऱ्या माहितीचा, एक बाहेर जाणाऱ्या. आत येणाऱ्यात नमुन्याचा मालक नाही, तो लॉगिनवरून ठरतो. मॅपर अजून हाताने लिहिलेला आहे, पण आता तो एंटिटीचा पूर्ण कन्स्ट्रक्टर वापरतो: एक फील्ड विसरलं की कोड कंपाइलच होत नाही. मधले अकरा क्लास काढून टाकले, तेव्हा एका सीनियरने विचारलं, ‘अगं, मग थरांचं काय?’